आपण म्हणजे कोण कोण

आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि दोन्ही पक्षांचे पुढारी एकाच बेसिनवर दात घासतात. नवरा 'जोडा'वाला आणि मी 'राहू द्या'वाली. हे नेहमीचं नवराबायकोचं भांडण नव्हे बरं का, हे राजकारण आहे. त्याची सुरुवात झाली इथे अमिरातीत, आमच्या अल ऐनच्या मराठी मंडळाच्या निवडणुकीत.

मंडळ म्हणजे फार काही डोळ्यांपुढे आणू नका. फोनवरचा एक ग्रुप, थोडीशी कुटुंबं, संक्रांतीचं हळदीकुंकू, दिवाळीचा फराळ, आणि आमच्यातल्याच एका डॉक्टरांच्या व्हिलातल्या मजलिसमध्ये बसणारा गणपती. मजलिस म्हणजे इथल्या घरांमधली पाहुण्यांची मोठी बैठकीची खोली. तो गणपती हेच आमचं खरं वैभव. सनैयातल्या, म्हणजे गॅरेजं आणि वर्कशॉपं असलेल्या भागातल्या कॅम्पांमधून कोकणातली आणि देशावरची माणसं रविवारी आरतीला येतात. त्यांच्यातला एक मालवणचा, इमारतींभोवती परांच्या बांधणारा, मृदंग असा वाजवतो की डॉक्टरांच्या खिडकीच्या काचा थरथरतात. मंडळाची निवडणूक आधी असायची ती नावापुरती. ज्याच्या बायकोला पोहे चांगले जमतात तो अध्यक्ष. विषय खलास.

मग दुबईहून निरोप आला. सगळ्या अमिरातींमधल्या मराठी मंडळांचा एक महासंघ होतोय, तुम्हीही या. एकच घटना, एकच समिती, मोठे कार्यक्रम, आणि दुबईत एकच भव्य गणपती. झालं! 'एकच भव्य गणपती' हे शब्द वाचले आणि माझं डोकंच फिरलं. दुबई म्हणजे गाडीने दीड तास. आमच्याकडे गाड्या आहेत, आम्ही जाऊ. सनैयातली माणसं कशी जाणार? आणि आमचा गणपती काय शाखा बंद करून हेड ऑफिसला पाठवायचा?

हे मी ग्रुपवर लिहिलं आणि बघता बघता मंडळात पक्ष पडले. आजवर जी माणसं एकमेकांच्या घरी हक्काने चहा प्यायची ती आता आधी विचारायची, 'तुम्ही जोडावाले की राहू द्यावाले?' गंमत म्हणजे त्यानंतर दुसरा कुठलाही प्रश्न उरलाच नाही. खजिनदार कोणाला करायचं? ज्याला हिशेब येतो त्याला नाही, जो आपल्या बाजूचा आहे त्याला. स्पीकर कोण लावणार? त्यातही बाजू. दोन-तीन शहाणी कुटुंबं 'इन्शाल्ला, बघू' म्हणायची, त्यांचं नावच पडलं बघू पक्ष. नवऱ्याची माणसं आधी छाती पुढे काढून 'विलीनीकरण' म्हणायची. आमचा जोर वाढला तशी ती भाषा मऊ होत गेली. 'सहकार्य' झालं, मग 'संलग्न', आणि शेवटी तर नवरा म्हणायला लागला, "अगं, नुसतं ओळखपाळख ठेवायची." म्हटलं, आता कसं, आलास ना वळणावर!

मी शाळेत समाजशास्त्र शिकवते. नेमकं तेव्हाच नववीला युरोपचा धडा चालू होता. तिथल्या देशांनी मिळून केलेला संघ, त्याचे फायदे, आणि तरीही त्याच्यावर रुसलेले मतदार. एका मुलीने विचारलं, "बट मॅम, संघाने रस्ते दिले, तर लोक त्याच्याविरुद्ध मत का देतात?" पुस्तकातलं उत्तर मी दिलं. खरं उत्तर माझ्या पोटात होतं: रस्ता दिला म्हणून काय आमच्या दारातला गणपती उचलून न्यायचा?

स्टाफरूममध्ये माझी एक इंग्रज मैत्रीण आहे, चित्रकला शिकवते. तिने तिच्या देशात संघातून बाहेर पडायलाच मत दिलं होतं. दुसऱ्यांचे नियम नकोत म्हणाली आणि आता आमच्यासारखीच दुसऱ्यांच्या व्हिसावर अल ऐनमध्ये राहते. तिला यावरून चिडवलं की तीच आधी हसते. मी तिला विचारलं, "नक्की राग कशाचा होता?" ती म्हणाली, "ते लोक सारखं 'वी' म्हणायचे आणि त्या 'वी'मध्ये मला माझी गल्ली कधी दिसलीच नाही." मी म्हटलं, आमच्या मराठीत याची सोय आहे. समोरच्याला धरून बोलायचं तर 'आपण', त्याला सोडून बोलायचं तर 'आम्ही'. ती चहा ढवळायची थांबली. "तुमच्याकडे दोन आहेत? आमच्याकडे एकच. म्हणूनच इतकी वर्षं भांडत बसलो!"

घरी प्रचाराला नुसता ऊत आला होता. नवरा डब्यात भाजी भरता भरता सांगायचा, "महासंघाची घटना वाच तरी. चांगली आहे." मी म्हणायचे, "गणपती कुठे बसणार ते सांग, मग वाचते." लेकीला विचारलं, तू कोणाच्या बाजूची? ती फोनमधून मान वर न काढता म्हणाली, "आय अ‍ॅम न्यूट्रल. आई, आम्ही डिनरला बाहेर जाऊया का?" मी म्हटलं, "आम्ही नाही गं, आपण. आम्ही म्हटलंस तर मी घरीच राहिले ना!" ही चूक इथल्या मराठी मुलांची ठरलेली. बिचाऱ्यांच्या डोक्यात इंग्रजी 'वी' बसलेला असतो, आणि मराठीत येताना तो समोर दिसेल त्या दारातून आत शिरतो.

मतदानाच्या आदल्या शनिवारी महासंघाचे अध्यक्ष स्वतः आले. तिशीतला मुलगा, दुबईच्या अल मनखूलमध्ये जन्मलेला, तिथेच वाढलेला. देखणा, नम्र, आल्या आल्या सगळ्या मोठ्यांच्या पाया पडला. मला वाटलं, गेलं! याला बघूनच निम्मी मतं जाणार. मजलिस गच्च भरली होती. त्याने खिशातून फोन काढला आणि भाषण वाचायला सुरुवात केली. नंतर कळलं ते असं, की त्याने भाषण इंग्रजीत लिहिलं होतं आणि फोनकडून मराठी करून घेतलं होतं.

"मित्रांनो, आम्ही एक आहोत," तो म्हणाला.

सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं.

"आम्ही एकत्र गणपती बसवू. आम्ही एकत्र जेवू. आम्ही आमची संस्कृती जपू."

मागून आमचे डॉक्टर मोठ्याने म्हणाले, "अरे वा, अभिनंदन! आणि आमचं काय?"

जो हशा उठला, जो हशा उठला! बायका डोळे पुसत होत्या. तो पोरगा गोंधळून इकडे तिकडे बघत पुढे वाचत राहिला, आणि प्रत्येक 'आम्ही'ला लोक टाळ्या वाजवायला लागले. "आम्ही बस पाठवू" असंही काहीतरी तो म्हणाला, पण ते ऐकतंय कोण! नवरा कपाळाला हात लावून बसला होता. खरं सांगते, मला त्याची दयाही आली आणि उकळ्याही फुटत होत्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही दणकून जिंकलो. मी अध्यक्ष झाले. घरी आल्यावर नवरा म्हणाला, "एका सर्वनामाने हरवलंस." मी म्हटलं, "निवडणुका अशाच हरतात, राजा." पण त्या मुलाला मी फोन केला. म्हटलं, बाळ, चूक कुठे झाली ते कोणी सांगितलं का तुला? नव्हतं सांगितलं. समजावलं तेव्हा तो 'आम्ही... आपण...' असं दोनदा पुटपुटला. मग म्हणाला, "काकू, माय गॉड. म्हणजे मी सगळ्यांना बाहेर काढत होतो?" मी हो म्हटलं. तो इतका मनापासून हसला की मला तो आवडूनच गेला.

त्या वर्षीचा गणपती अल ऐनलाच बसला. मी नऊवारी नेसले, मिरवले, कशाला खोटं बोलू? रविवारच्या आरतीनंतर भाषणही ठोकलं. "आपण सगळ्यांनी मिळून आपला गणपती वाचवला!" सनैयातल्या माणसांकडे बघूनच म्हणाले, कारण सगळी लढाई त्यांच्यासाठीच तर होती. टाळ्या पडल्या. मग मी प्रसाद वाटायला उभी राहिले. मालवणच्या मृदंगवाल्याने हात पुढे केला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "वयनी, त्या 'आपण'मदी आमी आसव काय?"

"म्हणजे काय? आहातच की!"

"नाय, आमका मत नाय. म्हणान इचारलंय."

माझ्या हातात मोदक तसाच राहिला. मंडळ काढलं तेव्हाच कोणीतरी ठरवलं होतं की सहकुटुंब राहणारेच सभासद. बाकीचे पाहुणे. इतकी वर्षं त्यावर कोणी विचारच केला नव्हता. शेजारी नवरा पाण्याचे ग्लास भरत होता. तो गोड आवाजात म्हणाला, "महासंघाच्या घटनेत सगळ्यांना मत आहे बरं का. एकट्या राहणाऱ्यांनाही. वाच म्हणून सांगत होतो." त्या क्षणी ताम्हण त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. त्याचं बरोबर होतं, म्हणून तर जास्तच.

पुढच्याच सभेत मी नियम बदलला. जो आरतीला येतो तो सभासद, आणि सभासदाला मत. 'जोडा'वाल्यांनी लगेच हात वर केले. माझी माणसं कुजबुजली, "मॅडम, बिनधास्त करा, ही सगळी मतं आपलीच." मलाही तसंच वाटत होतं. गणपती त्यांच्या दाराशी कोणी ठेवला होता?

वर्षाने निवडणूक आली. नवऱ्याने माझा जाहीरनामाच पळवला. महासंघात जायचं, पण अल ऐनचा गणपती अल ऐनलाच राहणार, ही अट घालूनच. दुबईच्या मुलाने ती मान्य केली. वर बसचा मुद्दा पुन्हा काढला, की गणपतीत एका शहरातली माणसं दुसऱ्या शहरात नेऊ-आणू, आणि या वेळी तो सगळ्यांना ऐकू आला. रविवारी मतदान झालं, सनैयातून सगळी मंडळी इस्त्रीचे शर्ट घालून आली, रांगेत उभी राहिली, आणि मी सपशेल आपटले.

मला राग आला. येणारच ना! मृदंगवाल्याला मी तिथेच गाठलं. "काय हो, तुमच्यासाठी भांडले मी. आणि तुम्हीच मला पाडलंत?"

तो लाजला, पण मागे हटला नाही. "वयनी, तुमी आमच्यासाठी भांडलास, ता खरा. पण आमका काय व्हया ता कोणी इचारल्यान नाय. माझो भाव शारजाक असा, थंयच्या कारखान्यात. अर्धो गाव थंयच असा. आमका आमचीच माणसा भेटणत नाय."

गाडी असेल तर शारजाचा औद्योगिक भाग अल ऐनहून तसा फार लांब नाही. पण गाडी नसलेल्या माणसाला, आठवड्यात एकच सुट्टी असलेल्या माणसाला, तो परदेशच. एकाच वाडीतले दोन सख्खे भाऊ, एकाच देशात कामाला, आणि भेटायचे ते गावी सुट्ट्या जुळल्या तरच. मी त्यांचा गणपती जवळ ठेवला म्हणून खूश होते आणि त्यांना हवी होती माणसं. मग माझं तोंड बंद झालं, जे आमच्या घरात फारसं होत नाही. या दिवसाची कॅलेंडरवर खूण करून ठेवतो म्हणत नवऱ्याने फार चिडवलं.

यंदाच्या गणपतीला पहिल्यांदा बस आली. रविवारची दुपार, ऊन मी म्हणत होतं. मी डॉक्टरांच्या फाटकाशी जरा बाजूलाच उभी होते. हरलेल्या उमेदवाराने कुठे उभं राहायचं असतं ते मला माहीत नव्हतं. महासंघाचा तो पोरगा बसमधून आधी उतरला आणि ओरडला, "यल्ला, उतरा सगळे! काकू, आपण आलो!" मी म्हटलं, "बाळा, आता मात्र 'आम्ही आलो' म्हणायचं." त्याने डोकं धरलं.

मग शारजाची माणसं उतरायला लागली. कोणाच्या हातात नारळ, कोणाच्या हातात झांजा. मृदंगवाला गळ्यात मृदंग अडकवून बसच्या पायरीजवळ उभा होता. शेवटून दुसरा एक माणूस उतरला, तसंच नाक, तसेच कान. दोघं एकमेकांसमोर नुसते उभे राहिले. मिठी नाही की काही नाही. मृदंगवाला म्हणाला, "जाडो झालंस रे." भाऊ म्हणाला, "तू म्हातारो झालंस." आणि दोघंही हसायला लागले, हसता हसता एकाने दुसऱ्याच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि मृदंग मध्ये आला म्हणून परत हसले.

मला रडू कोसळलं. अगदी पदर तोंडाला लावून रडले मी. आपण हरलो याचा इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता. नवरा आतून हाक मारत होता, आरतीचं तबक कुठे ठेवलंय म्हणून. माझा पाय काही फाटकापासून हलेना.

मृदंगवाल्याने भावाला पुढे घातलं आणि मग वळून माझ्याकडे बघितलं.

"वयनी, थंय कित्याक उभ्या ऱ्हवलास?" तो म्हणाला. "येवा. आपण आरती सुरू करूया."