बाबांचे दहा शब्द

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. तुला सांगतोय — हसू नकोस. म्हणजे हस, माझ्यावर सगळे हसतातच.

मी आवाज काढतो. आमच्या उमेळे गावात माझ्याशिवाय हळद रंगत नाही. भटजी, नगरसेवक, भाजीत घासाघीस करणारी बिल्डिंगवाली बाई — सगळी माझ्या गळ्यात राहतात. बाबा तर लहानपणापासून.

त्याच बाबांना झटका आला. उजवा हात लुळा, बोलणं गेलं. मेंदू मार खाऊन परत कसा सावरतो, यावर संशोधन करणाऱ्या एक मॅडम हॉस्पिटलात भेटल्या. म्हणाल्या, मेंदूचा गेलेला भाग परत येत नाही, पण शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो. रस्ता खोदला की आपण रिक्षा वाडीतून काढतो ना — तसंच. फक्त सराव रोज हवा, आणि पहिले महिने वाया घालवायचे नाहीत. रोज दहा शब्द बाबांकडून म्हणवून घ्यायचे, मोबाइलवर रेकॉर्ड करून पाठवायचे. ते ऐकून मॅडम पुढचा सराव ठरवणार.

आई सकाळीच भाजी घेऊन बाजारात जायची. घरात आम्ही दोघंच. खिडकीतून केळीचा हिरवा उजेड भिंतीवर हलायचा — तळ्याच्या तळाशी बसल्यासारखं वाटायचं. बाबा एकेका शब्दावर अर्धा अर्धा तास. ओठ थरथरायचे, त्यांना घाम फुटायचा. आणि मला? कंटाळा यायचा. हो, कंटाळाच.

एक दिवस ते शब्द मीच म्हटले. त्यांच्या आवाजात. जरा अडखळत, ‘पानी’ अगदी त्यांच्यासारखं. मॅडम खूश! मग रोजच. हळूहळू अडखळणं कमी करत मी सुधारतही गेलो — कलाकार ना मी.

बाबांचा जुना आवाज त्या हिरव्या खोलीत तरंगत राहायचा, आणि बाबा समोर बसून ऐकायचे. काय होत असेल रे त्यांना?

एकदा मध्येच म्हणाले, “गप.”

स्वच्छ. झटक्यानंतरचा पहिला पुरा शब्द. आणि मी काय केलं — रेकॉर्डिंग बिघडलं म्हणून पुसून टाकलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

मॅडमनी शब्द थांबवून लांब लांब वाक्यं दिली. ती बाबांना कुठली जमणार? उरलासुरला सरावही सुटला. तरी पाठवायचं ते मी पाठवतच होतो. एक दिवस मॅडमनी आईला फोन करून अभिनंदन केलं, बाबांची वाक्यं ऐकवली. आई ऐकून रडली. जेवायला वाढताना मात्र फुटली.

“मोबाइलशी बोलता, मॅडमशी बोलता. माझ्याशीच काय वाकडं हाय तुमचं?”

बाबांनी तोंड उघडलं. मिटलं. माझ्याकडे बघितलं.

मी भात कालवत राहिलो.

आई अजून त्यांना हट्टी म्हणते. रोज म्हणते. मी तिथेच बसलेला असतो.