वाळू भरलेला कोपरा

कुणाच्याही घरी गेले की काकाजी आधी बसायचे नाहीत. चपला काढायच्या, सरळ खोलीच्या कोपऱ्यात जायचं, भिंतीकडे तोंड करून एक टाळी वाजवायची आणि मान वाकडी करून ऐकायचं. मग निकाल. "पोकळ आहे गा." किंवा, फार क्वचित, "भरीव आहे." माझ्या साखरपुड्याला त्यांनी सासऱ्यांच्या बैठकीत हेच केलं. तो गृहस्थ वास्तुशास्त्रवाला होता का, असं सासरे मला पुढे कितीतरी वर्षं विचारत होते.

वास्तुशास्त्र कसलं, रोग होता तो. मलाही आहे, आणि नागपुरात आम्ही असे सहा-सात जण आहोत. जुने भोंग्याचे स्पीकर शोधायचे, खोलायचे, सुधारायचे, एकमेकांना विकायचे आणि विकल्यावर पस्तावायचे. रविवारी सकाळी कुणा एकाकडे तर्री-पोहे आणि त्याच्याच स्पीकरची निंदा, असा कार्यक्रम. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. त्याच्या बायकोला विचारा, ती नीट सांगेल.

काकाजी आमच्यात सगळ्यांत मोठे. कळमन्याच्या बाजारातले वजनकाटे दुरुस्त करण्यात त्यांचा जन्म गेला होता, त्यामुळे हात असा की स्क्रू पिळला तरी आवाज होऊ नये. त्यांच्याकडच्या स्पीकरच्या जोडीवर आम्हा सगळ्यांचा डोळा होता. अमेरिकी बनावटीची, कामठीच्या एका जुन्या बंगल्यातून आणलेली, कपाटाएवढी. या जातीचा स्पीकर कोपऱ्यातच ठेवावा लागतो, कारण त्याचा भोंगा लाकडी खोक्यात पुरा होत नाही. कोपऱ्याच्या दोन भिंती हाच त्याचा उरलेला भोंगा. कोपरा नसला तर खालचे सूर, तबल्याचा डग्गा, सगळं गायब.

महाल भागातल्या त्यांच्या जुन्या घरात एक कोपरा पक्क्या विटांचा होता. दुसऱ्या कोपऱ्याची एक भिंत मात्र नुसत्या फळ्यांची, भावाभावांनी खोल्या वाटून घेतल्या तेव्हा ठोकलेली. भोंगा वाजू लागला की ती थरथरायची. आता आमच्या छंदात थरथरणारी भिंत म्हणजे महापाप, ती सुरात आपला सूर मिसळते. आम्ही दर वेळी कटकट करायचो की काकाजी, आधी हे भरून घ्या. ते हसायचे.

"ते भिंत तिची आहे गा. माझी नाही."

ती म्हणजे काकू. दोन वर्षांत काकूंचे कान पार गेले होते. यंत्रं लावून पाहिली, त्यातून नुसती खरखर. पण त्या फळ्यांना तळहात टेकून बसल्या की गाणं त्यांच्या अंगात शिरायचं. दुसऱ्या ओळीला ओळखायच्या, आणि मग बोलू लागायच्या. हे गाणं पहिल्यांदा कुठं ऐकलं, तेव्हा घरात कोण पाहुणं होतं, त्या पाहुण्यानं कोणता अपमान केला. गाणं संपलं तरी बोलणं संपत नसे, आणि काकाजी कंटाळल्याचं सोंग करत ऐकत बसायचे. आम्ही सगळे जण हे पाहत आलो होतो. माहीत नव्हतं असं मला म्हणता येत नाही.

पुढे भावांनी घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. काकाजींनी सह्या केल्या आणि माझ्या स्कूटरवर मागे बसून भाड्याचे फ्लॅट पाहायला निघाले. मानेवाडा, नंदनवन, बेसा. एजंट हॉलचा उजेड दाखवायचा, किचनचा ओटा दाखवायचा, आणि काकाजी कोपऱ्यात जाऊन टाळी. जिथं कोपरा हवा तिथं नेमकी खिडकी, नाहीतर गॅलरीचं दार. एका एजंटानं मला बाजूला घेऊन विचारलं, यांचं डोकं ठीक आहे न. मी हसलो, आणि काकाजींनी ते पाहिलं.

शेवटी घर रिकामं करायची वेळ आली आणि बेसात तिसऱ्या मजल्यावर जे मिळालं ते घ्यावं लागलं. कोपरा एकच, तोही सिमेंटच्या खांबाचा. काकूंनी तिथं हात लावून पाहिला. दगडाला हात लावल्यासारखंच. त्यानंतर हळूहळू त्यांनी बोलणं सोडलं. आधी शेजाऱ्यांशी, मग पोराच्या फोनवर, मग काकाजींशीही. ताट समोर ठेवलं तर जेवायच्या, नाहीतर नाही.

काकाजी माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन बसले. गिऱ्हाईक होतं, तरी थांबले नाहीत.

"ती चालली गा माझ्या हातून," म्हणाले. "समोर बसून राहते अन् चालली."

त्यांना मी तसं कधी पाहिलं नव्हतं. मी तिथल्या तिथे सगळ्यांना फोन केले. आपण प्लायवूडचा कोपरा बनवू, काकाजींच्या हॉलमध्ये, माणसाच्या उंचीचा. काटोलचा आमचा एक संत्र्याच्या बागा असलेला मित्र प्लाय घेऊन आला. दोन रविवार आम्ही राबलो. उभा राहिल्यावर ठोकून पाहिला तर डब्यासारखा वाजला. कुणीतरी म्हणालं, याच्यात वाळू भरू.

कुणीतरी म्हणजे मी. ते मीच म्हणालो.

दोन प्लायच्या मध्ये वाळू भरली की लाकूड मुकं होतं, हे आमच्यात कोणीही सांगेल. कन्हान नदीची वाळू आणली, गच्चीवर वाळवली. काकाजी स्वतः चाळणी घेऊन बसले, कितीतरी दिवसांनी खुशीत होते, चाळता चाळता आम्हाला शिव्या देत होते. भरून झाल्यावर त्यांनी ठोकून पाहिलं आणि मान डोलावली. "भरीव."

मग गाणं लावलं. खोटं कशाला बोलू, त्या भोंग्यांचा असा आवाज महालात कधी निघाला नव्हता. डग्गा असा की छातीवर वाजावा. फोनवर आवाजाचा आलेख पाहिला तर रेघ सरळ, कुठलाच सूर कमी-जास्त नाही. काटोलवाल्यानं काकाजींना मिठी मारली. आम्ही सगळे एकमेकांची पाठ थोपटत असताना काकाजींनी काकूंना हाताला धरून आणलं, कोपऱ्याशी बसवलं आणि त्यांचा तळहात प्लायवर ठेवला.

काकू बसून राहिल्या. मग आमच्या सगळ्यांच्या तोंडांकडे पाहिलं.

"अजून लावलं नाही का?"

त्या आवाजात आम्ही बुडालो होतो. कोणी उठून तो बंद करेना, आणि काकाजींनी स्वतःचा हात प्लायवर ठेवला, मग गाल ठेवला, मग दोन्ही हात. थरथर मारायची विद्या आम्ही जन्मभर शिकलो होतो, ती त्या दिवशी शंभर टक्के साधली. "मीच चाळली," एवढंच म्हणाले.

वाळू काढून टाकता आली असती. पण तोपर्यंत खालच्या मजल्यावरून तक्रार गेली होती, सोसायटीचे सेक्रेटरी वर आले, आणि घरमालकानं सांगितलं की हे लाकडाचं काम हटवा नाहीतर घर सोडा. कोपरा उतरवला. वाळू पोत्यांत भरून खाली नेली.

तीन-चार दिवसांनी काकाजींचा फोन आला, लाकूड कापायचं मशीन घेऊन ये. गेलो तर त्यांनी एक स्पीकर आडवा पाडला होता आणि पेन्सिलीनं रेघ मारली होती. मागची फळी जाम झाली होती, म्हणून ती कापून आतला मोठा वूफर काढायचा होता. तो ते काकूंच्या दिवाणाच्या पेटीत उलटा बसवणार होते, म्हणजे त्या झोपल्या-बसल्या की खालची फळीच वाजेल, आणि बाहेर आवाजही कमी लागेल. साधी गोष्ट. पण अशी जोडी मध्य भारतात दुसरी नाही. मी हात जोडले. म्हटलं, दुसरा वूफर आणून देतो, नवा आणतो, हे कापू नका. ते म्हणाले, नवा कधी येईल. मी म्हटलं, आठ-दहा दिवस.

"आठ दिवस नाहीत गा तिच्यापाशी," ते म्हणाले. "तुले डबा पाहिजे न? कापला की घेऊन जाय."

मी त्या बाईसाठी नाही, लाकडासाठी हात जोडले होते, आणि ते त्यांना बरोबर समजलं होतं. मशीन तिथंच ठेवून मी जिना उतरलो. दुसऱ्या दिवशी फोन आला, "तिनं बोट हलवलं गा." मी हो-हो केलं आणि ठेवून दिला. मग चार महिने गेलो नाही. चार महिने, एका फळीसाठी रुसलो.

हिवाळ्यात एका सकाळी काकाजी दूध आणायला खाली उतरले आणि गेटपाशीच गेले. दवाखान्यात न्यायलाही कोणाला वेळ मिळाला नाही.

तेरवीनंतर त्यांच्या मुलाचा फोन आला. तो पुण्याहून आला होता, आईला घेऊन जाणार होता. म्हणाला, आई सारखी दिवाणावर हात आपटते, काय ते तुम्हीच पाहा. मी गेलो. अॅम्प्लिफायर दिवाणाशेजारी स्टुलावर होता, वायरी नीट, रबरबँड लावून. चालू केला. गाणी कशावरून लावायचे ते शोधू लागलो, तर त्याला ना प्लेअर जोडलेला, ना फोनची वायर. जोडला होता फक्त एक माइक, भजनी मंडळात असतो तसला साधा, त्यावर काकाजींचा रुमाल गुंडाळलेला.

काकू माझ्याकडे पाहत होत्या.

"गाणे कईचेच बंद केले," त्या म्हणाल्या. "हेच बोलत न त्याच्यातून. शब्द नाही समजत. पण बोलून राहिले, हे समजे." मग त्यांनी दोन्ही तळहात दिवाणाच्या फळीवर टेकले आणि मानेनं मला खूण केली.

मी माइक हातात घेतला. काय बोलू? आज भाजी काय आणली, कोणाचा फोन आला, बाहेर किती थंडी आहे, असलं काहीतरी ते बोलत असतील. मुलगा दारात उभा होता. शेवटी मी म्हणालो, "काकू, जेवण झालं का?"

खाली दिवाणाची फळी घुमली. काकूंनी डोळे मिटले, थोडा वेळ हात तसेच ठेवले. मग ते उचलून मांडीवर घेतले.

"तू आहे का," त्या म्हणाल्या. "राहू दे मंग."