हॉपरचा छेद

गडचांदूरच्या वर्कशॉपात दगड ओतायचा हॉपर, म्हणजे मोठं लोखंडी नरसाळं, बनवणारे फिटरभाऊ मला 'पोरी' म्हणत. त्या हॉपरचं, भोवतीच्या शेडसकट, मी कॉम्प्युटरवर मॉडेल केलं, पण आतलं दाखवायला उभा छेद घेतला की शेडच्या भिंती कापल्या जायच्या आणि हॉपर अख्खाच राहायचा.

आमच्या ऑफिसातले साहेब म्हणाले, "चित्रावर वरून अंदाजे रेघा मारून दे."

मी नाही मारल्या. आत उतरून एकेक पट्टी टेपनं मोजली होती, ती काय रेघा मारायला?

दोन दिवसांनी कळलं, मी हॉपरला मॉडेलमध्ये 'उपकरण' या वर्गात टाकलं होतं आणि तो वर्ग सॉफ्टवेअर कापतच नाही. वर्ग बदलताच हॉपर आतून उघडा पडला.

छेदाचा कागद वर्कशॉपात नेला, तेव्हा भाऊंनी त्यातल्या आतल्या तिरप्या पट्टीवर बोट ठेवलं. "हे तं बाहेरून दिसतच नाई. म्हंजे तुमी खरंच आत उतरल्या होत्या, बाई."