एन्ड्युरन्स नको, खुर्ची हवी

नांदगाव पेठच्या एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये मी शर्ट तपासायचं काम करायची. शर्ट उलटायचा, शिवण बघायची, सुटा धागा कात्रीनं कापायचा, पुढे सरकवायचा. सगळं उभ्यानं, आठ तास.

एकदा आमचा माल घेणाऱ्या परदेशी कंपनीची एक बाई युनिट बघायला आली. माझ्या टेबलापाशी थांबली आणि माझ्या सुजलेल्या पायांकडे बघून इंग्रजीत काहीतरी विचारलं. विचारलं मला, पण उत्तर दिलं मॅनेजरनं. ती हसून पुढे गेली.

"काय विचारलं त्यायनं?" मी नंतर मॅनेजरला विचारलं.

"काही नाही. तुमचं काम चांगलं आहे म्हणाल्या."

कामाची तारीफ कोणी पायांकडे बघून करतं का? पुढच्याच महिन्यात मी अमरावतीत इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावला.

"या वयात काहून?" नवरा म्हणाला.

"माह्या वतीनं दुसरा काय बोलते, ते मले समजलं पायजे."

पहिल्या दिवशी त्यानंच गाडी काढली आणि मला क्लासच्या दारापर्यंत सोडलं.

क्लासमध्ये सगळी कॉलेजची मुलं, चाळिशीची मी एकटी. सर रोज फळ्यावर एक शब्द लिहीत आणि प्रत्येकाकडून त्याचं वाक्य करून घेत. एका संध्याकाळी शब्द होता एन्ड्युरन्स. सहनशक्ती, टिकून राहायची ताकद, असं सरांनी समजावलं. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी उठली आणि रोज धावल्यानं माझा एन्ड्युरन्स वाढतो, असं फाडफाड इंग्रजीत बोलून बसली. मग माझा नंबर आला.

"आय स्टँड एट अवर्स," मी म्हटलं आणि अडकले.

"बिकॉज आय हॅव एन्ड्युरन्स!" सरांनीच वाक्य पुरं केलं आणि फळ्यावर लिहिलं. "बघा रे, आपल्या वऱ्हाडातल्या बायकांची सहनशक्ती! शिका काही."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझं तोंड तापलं. मी अकोल्याची, उन्हाळ्यात भाजून काढणाऱ्या गावची. लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकत आले, अकोल्याची हाये ती, तिले चुलीपाशी काय होते? असं म्हणणाऱ्यांची खाट कूलरसमोर असायची.

"सर, हे माहं वाक्य नाही."

"का? ग्रामर बरोबर आहे की."

"ग्रामर बरोबर असन. गोष्ट खोटी हाये. मी उभी हाय ते सहनशक्ती हाये म्हणून नाही. बसाले खुर्ची नाही म्हणून."

सरांनी फळा पुसला आणि खडू माझ्या हातात दिला. वाक्य जुळवायला मला बराच वेळ लागला. एक शब्द त्यांनी सुधारून दिला, बाकी माझं होतं. वी हॅव एन्ड्युरन्स. वी डोन्ट हॅव चेअर्स.

दुसऱ्या दिवशी मी हे समोरच्या टेबलावरच्या आपांना सांगितलं. मोठी बहीण म्हणून युनिटमध्ये सगळ्या त्यांना आपाच म्हणतात. माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या, पिंडऱ्यांवर निळ्या शिरांच्या गाठी.

"आमच्या उर्दूत त्याले सब्र म्हणतात," त्या म्हणाल्या. "पण सब्र आपल्या मर्जीनं करतात. जबरदस्तीनं करून घेतला त तो कायचा सब्र?" मग कात्री खाली ठेवून म्हणाल्या, "मले बी शिकव ते वाक्य."

जेवणाच्या सुट्टीत आम्ही घोकायचो. आपांच्या जिभेवर एन्ड्युरन्स काही बसला नाही.

दिवाळीच्या आधी ती परदेशी कंपनीची बाई पुन्हा आली. माझ्या टेबलापाशी पोचली तशी मी तिच्या विचारण्याची वाट पाहिली नाही. सरळ वाक्य म्हटलं. या वेळी न अडकता, पुरं म्हटलं.

मॅनेजर हसायला लागला. "शी इज जोकिंग, मॅडम."

"नो जोकिंग!" पलीकडून आपा ओरडल्या.

बाई हसली नाही. मला समजेल असं सावकाश बोलली. मागच्या वेळी तिनं हेच विचारलं होतं, तुम्हाला बसायला मिळतं का. या बायकांना उभ्यानंच काम करायला आवडतं, असं मॅनेजरनं तिला सांगितलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं. तो टेबलावरच्या एका शर्टाची कॉलर तपासायला लागला.

संध्याकाळी त्यानं मला केबिनमध्ये बोलावलं. "बाहेरच्यांसमोर युनिटची बदनामी करता?"

"खोटं बोलली असन त सांगा."

सोमवारी माझी बदली पॅकिंगला झाली. तिथे खोकी उचलायची असतात. त्याला वाटलं, मी आठ दिवसांत काम सोडीन. दीड महिन्यानं तपासणीच्या टेबलांपाशी उंच स्टुलं आली, दोघींत एक. आपा पाळीपाळीनं बसतात आणि बसल्या की मला मुद्दाम हात करतात.

पॅकिंगला स्टूल नाहीच. आम्ही इथे अकरा जणी आहोत. मी स्टुलांसाठी इंग्रजीत अर्ज लिहिला. एकीला सही येत नव्हती, आणि अंगठा देणार नाही म्हणाली. ती सही शिकेपर्यंत आठवडा गेला, आम्ही थांबलो. काल अर्ज दिला. मॅनेजरनं वाचला, घडी केली आणि खिशात टाकला.

"दुसरी प्रत माह्यापाशी हाये, त्या मॅडमले द्याले," मी म्हटलं आणि पुढचं खोकं उचललं.