वरकसावरचे ऐन

ऐनाचं झाड फांद्यांनी भरलेलं असतं, हे मला बरीच मोठी होईपर्यंत माहीत नव्हतं. गावावरच्या माळावर, आमच्या वरकसात, म्हणजे भात न होणाऱ्या उताराच्या जमिनीत, जे ऐन होते ते म्हणजे नुसते उभे सोट. दर माघात बाबा त्यांच्यावर चढायचे, कोयत्याने सगळा टहाळ उतरवायचे आणि शेंड्याला तेवढा एक झुपका ठेवायचे. टहाळ वाळला की चैत्र-वैशाखात आई त्याचे भारे डोक्यावरून खाली रोपाच्या जागेत आणायची. तिथे शेण, त्यावर टहाळ, त्यावर वाळक्या पाल्याचा पातेरा, वरून माती असे थर लावून ते पेटवून द्यायचे. हा आमचा राब. अशा भाजलेल्या जमिनीत भाताचं रोप टाकलं की तण फारसं येत नाही आणि रोप जोमाने वर येतं. वरकसावर धूर दिसला नाही असं लहानपणीचं एकही वर्ष मला आठवत नाही.

वरकस आजोबांनीच विकलं होतं. टोकावड्याच्या अलीकडच्या त्या माळावर पुढे विद्यापीठाचं उपकेंद्र उभं राहिलं आणि मी तिथेच रसायनशास्त्र शिकवायला लागले. तरीही कुंपणाच्या आतले ते ऐन आणि त्यांच्या खालच्या अंगाची रोपाची जागा बाबांकडेच राहिली, नुसत्या तोंडी बोलीवर. कोणी कधी आडकाठी केली नाही.

मग आमच्या आवारातून हवेत जाणारा कार्बन कमी करायचं ठरलं. समिती नेमली गेली आणि गावची म्हणून मलाही तिच्यात घेतलं. पहिल्याच बैठकीत ठरलं की आवारात काही जाळायचं नाही, आणि झाडाला कोयता लावायचा नाही. मी म्हटलं, आधी वसतिगृहामागचा डिझेलचा जनरेटर बंद करा. सगळ्यांनी माना डोलावल्या, जनरेटरचं पुढे बघू म्हणाले आणि बाबांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात टाकलं. डोकं असं तापलं होतं की चहा न घेताच उठले. पण वर्गात मी जे शिकवत होते ते घरी आल्यावर खोटं ठरवता येत नव्हतं. राबाचा धूरही धूरच होता.

आई जाऊन तेव्हा वर्षच झालं होतं. बाबांना सकाळी घराबाहेर काढणारं शेताशिवाय काही उरलं नव्हतं. राब थांबला तर ते शेती सोडतील, आणि शेती सोडली की ओटीवर बसून बसून खचतील, ही भीती माझ्या मनात घर करून होती.

ते कोयत्याला धार लावत असताना मी विषय काढला. तापणारी हवा, लांबणारा पाऊस, सगळं सांगितलं. राबाऐवजी गादीवाफे करू, शेणखत घालू, भातगिरणीतून तुसाची काळी राख आणू, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"ती राख काय पान्यात होते का गो?" त्यांनी विचारलं. तीही जाळूनच होते, मला हसू आलं. ते हसले नाहीत. कोयत्याची धार बघत म्हणाले, "म्हंजे मी नि तुझी आय, आमी जलमभर वाईटच काम केलं."

तसं नाही, मी घाईघाईने म्हटलं. कारखान्यांपुढे, गाड्यांपुढे तुमचा धूर म्हणजे काहीच नाही.

"मंग आमचाच कशाला बंद?"

त्यांनी कोयता पुसला आणि खुंटीला अडकवला.

शेती त्यांनी सोडली नाही. त्या वर्षी गादीवाफे केले आणि तण असं माजलं की रोज सकाळी उकिडवे बसून ते उपटत राहिले. येणारे-जाणारे टिंगल करायचे, म्हातारा कॉलेजात भरती झाला म्हणायचे. भात झालं, थोडं कमीच. पुढे त्यांचा हात बसला. जनरेटर बंद व्हावा म्हणून मी मात्र प्रत्येक बैठकीत भांडत राहिले, माझं नाव निघालं की लोक कपाळाला आठ्या घालायला लागले. शेवटी वसतिगृहाच्या छपरावर सोलरची पॅनेलं बसली. ते बाबांना सांगितलं तर "बरं झालं" एवढंच म्हणाले. आपण वाईट केलं, हे त्यांनी पुन्हा कधी काढलं नाही, आणि तेच मला जास्त लागायचं.

यंदा वैशाखात दुपारी डबा घेऊन गेले, तर ते वाफ्यांपाशी दिसले नाहीत. ऐनाखाली बसले होते. इतकी वर्षं कोयता न लागल्याने त्या सोटांना चारी बाजूंनी फांद्या फुटल्या होत्या, नवी पालवी आली होती आणि खाली खाटेएवढी सावली पडली होती. पलीकडच्या ऐनाखाली वसतिगृहातल्या दोन मुली पुस्तकं घेऊन बसल्या होत्या. बाबा मान वर करून झाडाकडे बघत होते. मी त्यांच्या शेजारी टेकले.

"तुझी आय हिथूनच भारं घेऊन उतरायची," ते म्हणाले. "असल्याच उन्हात. मधी टेकाया म्हून जागा नव्हती."

मी डब्याचं फडकं सोडायला लागले.

"एक झाड तरी तिच्यासाठी ठेवाया पायजे व्हतं."

कार्बनचं मी त्यांना कितीतरी सांगितलं होतं. सावलीचं कधीच नाही. मी डबा उघडून त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि किती तरी वेळ तो तसाच हातात धरून बसले.