पुलियापाशी अडलेले मासे

मासे उड्या मारत होते आणि पाइपाच्या कडेवर आपटून परत खाली पडत होते. मी आणि राठौर छत्र्या धरून पुलियाच्या कठड्याशी उभे होतो. पुलिया म्हणजे नाल्यावरचा लहानसा पूल. राठौर पंचायतीच्या कामांचे सब-इंजिनियर. ही पुलिया त्यांनीच आदल्या वर्षी बांधली होती, आणि चांगली मजबूत बांधली होती. फक्त तिच्यातल्या सिमेंटच्या पाइपाचं तोंड नाल्याच्या तळापासून गुडघाभर उंच राहिलं होतं. पाणी तिथून धबधब्यासारखं कोसळत होतं.

मी मत्स्य विभागात निरीक्षक आहे. घर शहरात, फ्रीगंजला, ताटात जन्मभर वरणभात. माशांशी माझा संबंध ऑफिसपुरता. तरी त्या दिवशी जीव तुटला. बोटाएवढी चंदेरी मासळी, आणि पोटं गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, फुगलेली.

ही मासळी एरवी खालच्या तलावात राहते. पावसाळ्यात नाल्यातून उलटी वर चढते, उथळ, कोमट पाणी शोधते आणि तिथे अंडी घालते. आमचा माळवा सोयाबीनचा. पण शहरातल्या नानाखेड्याहून बसनं थोडं पुढे असलेल्या या गावात बनेसिंगजींचं शेत खोलगट. सोयाबीन तिथे सडायचं. शेवटी कंटाळून त्यांनी भात लावला, मग शेजाऱ्यांनीही लावला. खाचरात पाणी उभं राहू लागलं आणि माशांना बाळंतपणासाठी आयतं माहेर मिळालं. पुलिया झाली आणि माहेरची वाट बंद पडली. तलावात मासेमारी करणाऱ्या समितीच्या प्रमुख शांताबाई केवट यांनी तक्रार केली, की लहान मासळी जाळ्यात येईनाशी झाली आहे.

मी साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, तलावात बीज सोडा आणि तक्रार क्लोज करा. बीज म्हणजे विकत मिळणारी माशांची पिल्लं. मी सांगितलं, रोहू-कतल्याचं बीज मिळतं, या गावठी मासळीचं कोणी विकत नाही. ती आपली आपण वाढते, तिला फक्त वाट हवी असते. साहेब म्हणाले, बघा काय जमतं ते, पण पुलिया तोडायची नाही.

राठौरांचंही तेच. दुधाची गाडी, शाळेची बस, सगळं त्या पुलियावरून जायचं. "मैडम, पाइप तो नीचे होगा नहीं," ते म्हणाले.

"पाइप रहने दो," मी म्हटलं. "पानी को ऊपर लाते हैं."

युक्ती साधी होती. पाइपाच्या खालच्या अंगाला नाल्यात दगडांच्या आडव्या ओळी रचायच्या, पायऱ्यांसारख्या. प्रत्येक ओळीमागे पाणी तुंबतं आणि सगळ्यात वरचं डबकं पाइपाच्या तोंडापर्यंत भरतं. त्यामुळे पाइपातला जोरही कमी होतो. मासा एकेक डबकं चढत, दम खात वर जातो. पाणी रस्त्यावर येईल अशी राठौरांना धास्ती होती. त्यांनी टेप लावून मापं घेतली आणि जास्तीचं पाणी कडेनं निघून जाईल अशी जागा ठेवायला लावली.

पण मासे वर जाऊन करणार काय, हे बनेसिंगजींच्या हातात होतं. त्यांच्या बांधाला एक तोंड हवं होतं, आणि शेताच्या कोपऱ्यात एक खड्डा, म्हणजे मध्येच पावसानं ओढ दिली तर मासे त्यात तग धरतील. ते बाजेवर बसून शांतपणे म्हणाले, "हम मछली खाते नहीं, मैडम. पालें क्यों?"

"खाती तो मैं भी नहीं," मी म्हटलं.

ते हसले. मग खरं काय ते बोलले. मासे आले की त्यांच्यामागे जाळी घेऊन माणसं येतील आणि रोपं तुडवतील.

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. शांताबाईंना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शब्द दिला, की खाचरात कोणी उतरणार नाही आणि पाऊस आहे तोवर पुलियाखालीही जाळं लागणार नाही. हा शब्द देणं सोपं नव्हतं. पुलियाखाली अडलेली मासळी टोपल्या भरभरून नेणाऱ्यांत त्यांचा सख्खा दीर होता.

दुसऱ्या दिवशी मी पोचले तेव्हा शांताबाई कठड्यावर बसल्या होत्या. दिराचं जाळं घडी घालून त्यांनी आसनासारखं खाली घेतलं होतं. दीर थोडा लांब, तोंड पाडून उभा. मला बघून त्या म्हणाल्या, "आज पकड़ेगा तो अगले साल क्या पकड़ेगा? जाल यहीं है, आके ले ले."

तो काही आला नाही. बनेसिंगजींनी त्याच दिवशी कोपऱ्यात खड्डा खणायला घेतला.

पावसानं उघडीप दिल्यावर गावातल्या लोकांनी बांधांवरचे काळे दगड आणून ओळी रचल्या. पुन्हा सरी आल्या, मासे पायऱ्या चढू लागले आणि शेवटच्या ओळीशी येऊन अडले. राठौर वरून सूचना देत होते, वो वाला हटाओ, वो वाला. कुठला वाला, ते खाली कोणाला कळेना. शेवटी त्यांनी बूट काढले, पँट दुमडली आणि स्वतः नाल्यात उतरले. मधला मोठा दगड सरकवून त्यांनी एक फट केली. एक मासा फटीतून वर गेला आणि पाइपात दिसेनासा झाला. शांताबाईंचा दीर धावत रस्त्याच्या पलीकडे गेला, वाकला आणि म्हणाला, "निकल गई." मग एकामागून एक मासे निघाले. राठौर कमरेपर्यंत भिजले होते. पुलियाच्या उद्घाटनालाही ते इतके खूश नसावेत.

पावसाळा सरताना, भात पिवळा पडू लागला तेव्हा एका सकाळी बनेसिंगजींचा फोन आला. "मैडम, बच्चे जा रहे हैं." मला आधी वाटलं, शाळेच्या सहलीचं सांगताहेत. मग कळलं आणि मी चहा तसाच ठेवून निघाले. शेतातलं पाणी उतरत होतं आणि त्याच्याबरोबर बांधाच्या तोंडातून नखाएवढी पिल्लं थव्यानं नाल्याकडे चालली होती. बनेसिंगजी काठी घेऊन बगळ्यांना हुसकत होते.

शांताबाईंच्या जाळ्यात यंदा लहान मासळी परत दिसू लागली आहे. पावसाळ्यात पुलियावर पहारा आता दिराचा असतो, आणि तो फार कडक आहे.

पुलिया बांधताना पाणी खाली कुठे जाईल, हे सगळे विचारतात. खालून वर कोण येतं, हेही एकदा विचारून घ्यावं. नंतर पँट दुमडून दगड सरकवावे लागत नाहीत.