लिफ्टमधली चिठ्ठी

मास्कची सक्ती उठली त्या आठवड्यात आमच्या बिबवेवाडीच्या सोसायटीत पेढे वाटले गेले. सगळ्यांचे दोन्ही डोस झाले होते. आमचेही झाले होते; पण ह्यांच्या अंगात माझी किडनी होती. शरीरानं ती नाकारू नये म्हणून गोळ्या देऊन प्रतिकारशक्ती मुद्दाम कमी ठेवलेली. लस ह्यांना कितपत लागू पडलीय ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

सगळेच घरात बसले होते तोवर आम्ही चारचौघांसारखे होतो. आता लोक बाहेर पडले आणि आम्ही दोघंच मागे राहिलो.

दर पंधरा दिवसांनी रक्ततपासणीला जावं लागे. घर पाचव्या मजल्यावर. म्हणून मी लिफ्टमध्ये चिठ्ठी चिकटवली : ‘किडनी-रोपण झालेले पेशंट राहतात. कृपया फक्त लिफ्टमध्ये मास्क लावावा.’ दुसऱ्या दिवशी खाली निळ्या पेनानं कुणीतरी लिहिलं होतं : ‘पेशंटने जिना वापरावा.’

मी कागद ओरबाडून काढला आणि एकेक दार वाजवत खाली निघाले. त्यातून काय मिळवायचं होतं, मलाच ठाऊक नव्हतं. बहुतेकांनी हळहळ व्यक्त केली, एकीनं चहा विचारला. दुसऱ्या मजल्यावर एकटे राहणारे काका मात्र शांतपणे म्हणाले, अक्षर माझंच आहे. त्यांची बायको दुसऱ्या लाटेत गेली होती. शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं.

“सगळे नियम पाळले होते हो आम्ही,” ते म्हणाले. “आता मला कुणी नियम सांगू नका.”

मी भांडायला गेले होते. कागद त्यांच्याच हातात ठेवून वर आले.

मग आम्ही जिनाच धरला. चढताना हे प्रत्येक मजल्यावर पायरीवर टेकत. एकदा तिसऱ्यावर बसले ते उठेचनात. म्हणाले, “मला लिफ्टनं ने. काय व्हायचं ते होऊ दे.”

मी बटण दाबलं. आत लग्नाहून परतलेले चौघं होते, हसत-खिदळत. मास्क कुणालाच नव्हता. त्यांनी सरकून जागा केली. ह्यांचा दंड धरून मी आत शिरले.

आठवड्याभरात ह्यांना ताप भरला. लिफ्टमुळे, हॉस्पिटलातल्या रांगेमुळे की माझ्यामुळेच, कोण सांगणार? बरेच दिवस आयसीयूत काढून हे वाचले. किडनी गेली.

मी डॉक्टरांना म्हटलं, “माझी दुसरीही काढून घ्या.”

त्यांनी हातातली फाइल मिटली. मग म्हणाले, “ताई, तुम्ही काही खाल्लंय का आज?”

आता आठवड्यातून तीनदा डायलिसिस असतं. हे मशीनवर असतात तेव्हा मी बाहेर बाकावर बसते. नाव प्रतीक्षायादीत घातलंय. नंबर कधी लागेल, हे विचारायचं मी अलीकडे सोडून दिलंय.